निळ्या गाडीचं गिऱ्हाईक

बाबांना काचबिंदू निघाला आणि यापुढे गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी पहिला राग डॉक्टरांवर काढला आणि दुसरा माझ्यावर, कारण मी डॉक्टरांच्या बाजूने बोलले. तरीही काही दिवस ते सकाळी गाडी काढत राहिले. एकदा शेजाऱ्याच्या फाटकाचा खांब त्यांना दिसलाच नाही. गाडीला फारसं काही झालं नाही, खांब मात्र वाकला. शेजारी भांडायला आला, आई त्याच्याशी भांडायला उतरली, आणि ते भांडण चालू असतानाच बाबांनी मला फोन केला. "विकून टाकू. तू ये रविवारी. फोटो-बिटो काढ."

मी अमरावतीला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आई-बाबा अकोल्याला असतात. बाबा पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागात अभियंता होते. त्यांची सगळी नोकरी पंप, रोलर आणि बुलडोझर दुरुस्त करण्यात गेली. आणि त्यांच्याकडे एक इटलीची गाडी होती. दोन दारांची, दोन सीटांची, वर कापडी टप, स्टिअरिंग डावीकडे, रंग गर्द निळा. अकोल्यात तशी दुसरी नव्हती.

ती मूळची एका जिनिंगवाल्या शेटजींची. मुंबईच्या कुण्या परदेशी साहेबाकडून त्यांनी ती हौसेनं घेतली, काही वर्षं मिरवली, मग ती बंद पडली आणि कारखान्याच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे पडून राहिली. कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात निघाली. बाबा तिथे एक पंप बघायला गेले होते, ते पंप सोडून गाडी घेऊन आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. इंजिनात उंदरांनी घर केलं होतं, तळाचा पत्रा बोटाने तुटत होता. मी तेव्हा शाळेत होते. माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, लग्न झालं, तेव्हा कुठे ती रस्त्यावर आली. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात, एक लेथवाले चाचा होते. त्यांनी आणि बाबांनी मिळून कितीतरी पार्ट स्वतःच कातून काढले. आमच्या न्हाणीघराला फरशी बसायची होती, ती गाडी चालू झाल्यावर बसली. आई हे आजही आल्या-गेल्याला सांगते.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. आम्ही बौद्ध. आमच्यातल्या सरकारी नोकराच्या दारात इटलीची गाडी दिसली की लोक आधी त्याचा पगार मोजतात. खात्यात निनावी अर्ज गेला. चौकशीला आलेल्या साहेबांना बाबांनी अंगणात सतरंजी टाकून गाडीखाली झोपायला लावलं आणि वेल्डिंगचे सांधे एकेक करून दाखवले. साहेब कपडे झटकत उठले आणि पुन्हा आले नाहीत. पण बाबांच्या मनातून तो अर्ज कधी गेला नाही. गाडी जितकी चांगली होत गेली, तितके ते लोकांशी तुटक वागू लागले.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गाडीचे फोटो जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकले आणि फोन सुरू झाले. पहिला फोन अमरावतीच्या एका मंगल कार्यालयवाल्याचा. त्याला नवरा-नवरीच्या एंट्रीसाठी गाडी हवी होती, मागचा भाग कापून तिथे फुलांचं सिंहासन बसवायचं होतं. बाबांनी लगेच फोन ठेवला. दुसरे आले पुण्याचे एक गृहस्थ. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. ते सगळीकडे टेकवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पण ही गाडी तुमच्याकडे आली कशी?" बाबांनी सांगितलं. चहा पिताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं, निघताना पुन्हा. मला त्यांचा राग आला, पण भाव त्यांनी चांगला सांगितला आणि आठ दिवसांत येऊन नेतो म्हणाले. आम्ही ठरलं असंच धरलं.

त्या आठ दिवसांत शेटजींचा नातू आला.

तो अमरावतीला राहतो, बडनेरा रोडवर त्याचं फरशांचं शोरूम आहे. चाळिशीचा, गोरा, पांढरा शर्ट. त्याने आधी फोन केला होता म्हणून मीही अकोल्याला आले होते. फाटकातून आत येताच तो गाडीकडे गेला, बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला. मग खिशातून एक फोटो काढला. काळा-पांढरा. त्याचे आजोबा टप उघडून गाडीत बसलेले, डोक्यावर टोपी.

"आमची गाडी," तो म्हणाला. "आता घरी न्यायची."

बाबा पायरीवर बसले होते.

"पण ही तर लाल होती. आजोबांची लाल गाडी, सगळं अकोला ओळखायचं. निळी कोणी केली?"

"म्या," बाबा म्हणाले.

त्याने उघड्या दारातून हॉलमध्ये नजर टाकली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. "अच्छा," तो म्हणाला. "आलं लक्षात."

"काय आलं लक्षात?" मी विचारलं.

"काही नाही हो ताई. एकेकाची आवड असते."

बाबा उठले. चाचपडत गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि डॅशबोर्डच्या खालून हात घालून त्याला म्हणाले, "वाक अन् पाह्य. म्या हे सारं खोललं तं आतून निळं निघालं. लाल रंग तुया आजोबानं मारला वरून. तिकून आली तवा ते निळीच होती."

तो वाकला नाही. "ठीक आहे काका. आम्ही परत लाल करू."

आईने चहा आणला. "मी बाहेरचं घेत नाही," तो म्हणाला. त्याच्यासोबत आलेल्या ड्रायव्हरने कप घ्यायला हात पुढे केला होता, तो त्याने मागे घेतला. आईने ट्रे पायरीवर ठेवला, नातवाच्या पुढ्यातला कप उचलला आणि त्याच्यासमोर उभी राहून तो सावकाश पिऊन टाकला. "वाया काहून घालवाचा," ती म्हणाली.

मग त्याने खरा बेत सांगितला. चिखलदऱ्याच्या वाटेवर तो एक रिसॉर्ट बांधत होता. शिरल्याबरोबर काचेची खोली, आत गाडी, बाजूला आजोबांचा मोठा फोटो आणि पाटी: आमच्या घराण्याने तीन पिढ्या जपलेली गाडी.

"जपली कोणी?" मी म्हटलं.

"काकांचं नावही टाकू की खाली. देखभाल म्हणून." मग बाबांकडे वळून, "आमच्या घरी सांगतात, आजोबांनी शेवटी एका मिस्त्रीला गाडी सांभाळायला दिली होती. त्यामुळे किंमत वगैरे आपण घरच्यासारखी करू. बाजारभाव लावायचा नाही."

"तो मिस्त्री मीच," बाबा म्हणाले. "अन् सांभाळाले नाई देली. भंगारात काढली. काट्यावर चढवली अन् वजनानं इकली."

"काका, त्या काळी मोठ्या माणसांत व्यवहार नसायचा. शब्द असायचा."

"मंग तो शब्द घेऊन जा," बाबा म्हणाले. "गाडी नाई भेटत."

तो हसला. गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि निघून गेला. आई म्हणाली, "देऊन टाका त्याले. तो लाल करो का पिवळी करो, आपल्या दारातून जाऊ द्या एकदाची." त्यावरून दोघांचं असं जुंपलं की मला जेवण न करता बस पकडावी लागली. बाबांचं एकच चाललं होतं, "कोणालेबी देईन, त्याले नाई."

पुढे दोन दिवसांनी पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, मला ही भानगड नको. मूळ मालकाच्या घरच्यांचा हक्क आहे म्हणे गाडीवर. कागद साफ नाहीत म्हणे." मी म्हटलं, कागद तुम्ही स्वतः पाहिलेत, बाबांच्या नावावर आरसी आहे. "ते झालंच हो," ते म्हणाले, "पण ग्रुपवर आलंय." नातवाने ग्रुपवर आजोबांचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं की ही आमच्या घराण्याची गाडी असून विश्वासाने सांभाळायला दिली होती, कृपया कोणीही व्यवहार करू नये. मी लगेच आरसीचा फोटो टाकला. खाली जोडलेल्या हातांची चित्रं आली. कोणी लिहिलं, आपसात मिटवा. कोणी लिहिलं, ग्रुपचं वातावरण खराब करू नका. वातावरण आम्ही खराब करत होतो.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मले त्याच्या दुकानात ने."

मी त्यांना घेऊन बडनेरा रोडवरच्या शोरूममध्ये गेले. आत थंडगार एसी, भिंतीवर फरशाच फरशा. एक नवरा-बायको न्हाणीघरासाठी नमुने बघत होते. नातू काउंटरवर होता. आम्हाला पाहून त्याने हात जोडले, खुर्च्या मागवल्या. बाबा बसले नाहीत.

"जे लिवलं ते खोडून टाक," ते म्हणाले.

"काका, ती आमच्या घरची भावना आहे. भावना कशी खोडणार?"

"भावना नाई, खोटं हाय थे."

कोपऱ्यात सोफ्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "कोण आलंय रे?" आणि बाबा एकदम तिकडे वळले. त्यांना तो चेहरा दिसत नव्हता, एवढ्या अंतरावरून त्यांना कोणाचाच दिसत नाही. आवाज ओळखला.

"शेटजीचे पोरगे तुमी," बाबा म्हणाले. "काट्यापाशी तुमीच उभे होते. वजन तुमीच वाचलं."

म्हाताऱ्यांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. "मला आठवत नाही," ते म्हणाले.

"ट्रॉलीवाल्याले तुमी म्हणलं, उचल हा उकिरडा अन् घेऊन जाय एकदाचा. तुमी हसले होते. मी रस्सी बांधून राहिलो होतो."

"मला नाही आठवत."

"तुमच्या अन् माया वयात काय फरक हाय? मले आठवते."

म्हाताऱ्यांनी पेपर उचलला आणि त्याचं पान उलटलं. बाबा त्यांच्यासमोर उभे होते, आणि ते वाचत होते. नातू खाली मान घालून फोन बघत होता. मला एवढा संताप आला की माझं मलाच भान राहिलं नाही. फरशा बघणाऱ्या नवरा-बायकोकडे वळून मी मोठ्याने म्हटलं, "नीट पाहून घ्या हो. आज विकतील आणि तुमच्या नातवंडांना म्हणतील, आमच्या आजोबांनी सांभाळायला दिल्या होत्या."

"ताई," नातू म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात. प्राध्यापक आहात. शोभत नाही."

"तुम्हाला शोभतं?"

"आवाज खाली करा. नाहीतर मला माणसं बोलवावी लागतील."

"बोलवा. सगळ्यांना बोलवा. म्हणजे सगळ्यांसमोर सांगते."

बाबांनी माझं मनगट धरलं. "चाल," ते म्हणाले.

अकोल्याला परत जाताना मूर्तिजापूर आलं. बाबा म्हणाले, "त्याले आठवते."

"हो."

"आठवते म्हणूनच नाई म्हणते." मग म्हणाले, "आता जो पयला येईन त्याले देऊन टाकू."

मी म्हटलं, मुळीच नाही. वकिलाची नोटीस देऊ, मजकूर मागे घ्यायला लावू, आणि मग चांगल्या भावाने विकू. बाबा म्हणाले, तुझ्या नोटिशीला उत्तर येईस्तोवर मी मरून जाईन. मी म्हटलं, असं बोलून भांडण जिंकायचं नसतं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो.

आणि पहिला जो आला, तो न सांगता आला. रविवारी दुपारी फाटकाशी एक पिकअप उभी राहिली, मागे संत्र्यांचे रिकामे क्रेट. खाली उतरला एक जाडजूड माणूस, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. चांदूर बाजारचा. संत्र्याचा व्यापार आणि जुन्या गाड्या घेऊन विकायचा नाद. त्याने फाटक स्वतःच उघडलं, रस्त्याकडेला थुंकला, सरळ गाडीपाशी आला आणि टायरला लाथ मारली.

"काका," तो म्हणाला, "हे गाडी हाय का पोळ्याचा बैल? नुस्ती सजवून ठेवली. चालते का?"

"पाय मागं घे," बाबा म्हणाले.

"घेतो नं. पयले भाव सांगा."

"तुले कोणी सांगतलं गाडी विकाची हाय म्हणून?" मी विचारलं. मीही नकळत त्याच्यासारखंच बोलायला लागले होते.

"ग्रुपवर वाचलं. पायलं का भांडण लागून राहिलं. म्हणलं चला, भाव पडला असन." त्याने जराही न लाजता सांगितलं. "भानगडीचा माल सस्ता भेटते, बाई."

बाबा हसले. गाडी विकायला काढल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला मात्र त्या माणसाला फाटकाबाहेर काढावंसं वाटत होतं.

दुपारभर त्यांचं भांडण चाललं. तो म्हणे टप फाटका आहे, बाबा म्हणत शिवण आहे ती. तो म्हणे डावं दार लटकतं. बाबा म्हणाले, "तुये डोये फुटले काय? माये फुटले तरी मले दिसते." त्याने इंजिन चालू केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "खोकून राहिलं." बाबांनी त्याला बाजूला ढकललं, बॉनेट उघडलं आणि दोन्ही कार्बोरेटर हाताने चाचपून स्क्रू किंचित फिरवला. आवाज बदलला. तो म्हणाला, "हं. आता दमा कमी झाला," आणि भाव तेवढाच ठेवला. मध्ये त्याने दोनदा चहा मागून घेतला. हॉलमध्ये जाऊन पंखा लावून बसला. भिंतीवर काय आहे हे त्याने पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. पाहिलं असेल तरी त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचं लक्ष सुट्या भागांच्या पेटीवर होतं. ती किमतीत धरलेली नव्हती, पण त्याने ती उचलून स्वतःच्या पिकअपमध्ये ठेवलीसुद्धा.

शेवटी बाबांनी जो भाव कबूल केला तो पुण्याच्या गृहस्थांपेक्षा कितीतरी कमी होता. मी त्यांना आत ओढून नेलं.

"हा तुम्हाला लुटून राहिला," मी म्हटलं.

"मालूम हाय."

"मग कशाला देता? त्या शोरूमवाल्याला वाटेल आपण घाबरून विकली."

"वाटू दे. ह्या मानसाचं भांडण भावाशी हाय. माया-तुयाशी नाई." आणि मग, मला अजून लागतं असं एक वाक्य ते बोलले. "तुले जिंकाचं होतं. मले विकाची होती."

मी अमरावतीला निघून गेले. आरटीओत नाव बदलायला बाबा त्या माणसासोबत गेले, मी गेले नाही. गाडी नेली त्या दिवशीही मी नव्हते. आईने फोनवर सांगितलं की पहिल्याच वळणावर त्याने गिअर असा करकरवला की सगळी गल्ली बाहेर आली, आणि बाबा फाटकात उभे राहून "क्लच दाब, क्लच!" म्हणून ओरडत होते.

रिसॉर्ट पुढे सुरू झालं. माझी एक सहकारी घरच्यांसोबत तिथे राहून आली. काचेच्या खोलीत गाडी नाही, आमच्या अंगणात काढलेला गाडीचा फोटो भिंतभर मोठा करून लावलाय, रंग बदलून लाल केलाय, आणि पाटी ठरल्याप्रमाणेच आहे. तिने मला ते फोनवर दाखवलं, "तुझ्या बाबांची गाडी अशीच होती ना?" म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. "जाऊ दे गं," ती म्हणाली, "गाडी तर विकली ना तुम्ही. आता कशाला कडवटपणा?" मी तिच्यासोबत डबा खाणं सोडलं. बाबांना फोटोचं सांगितलेलं नाही. आईला सांगितलं, तर ती म्हणाली की लाल रंग कॉम्प्युटरवरच बरा, फुकट असते.

बाबांच्या मागे आता चांदूर बाजारचा फोन असतो. आठवड्यातून दोनदा तरी. गाडी सकाळी चालू होत नाही, पेट्रोल जास्त पिते, चौकात बंद पडली आणि लोकांनी ढकलली. बाबा त्याला गाढव म्हणतात, तुला संत्रीच विकता येतात म्हणतात. तो म्हणतो, तुमी मले खटारा गळ्यात मारला. चोक किती ओढायचा यावरून परवा अर्धा तास चालला. आई म्हणाली, आवाज कमी करा, शेजारी ऐकतात, तर बाबा फोन घेऊन गच्चीवर गेले आणि तिथून आणखी मोठ्याने बोलू लागले.

गेल्या आठवड्यात चार-पाच दिवस त्याचा फोन आलाच नाही, तर शनिवारी बाबा दिवसभर धुसफुसत होते. आईच्या भाजीत मीठ जास्त निघालं, पेपरवाला उशिरा आला, मी म्हणे फोनवर नीट बोलत नाही. संध्याकाळी मी अकोल्यात पोचले तेव्हा फोन वाजत होता, तो मी उचलला. बाबांनी तो माझ्या हातून हिसकावून घेतला, आणि बोलणं शिवीने सुरू झालं. आधी कोणी दिली, ते मला ऐकू आलं नाही.